संडासाच्या पाइपाला वीतभर जाळी

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी एक गृहस्थ आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलगी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला. वर्षभरात तिला तीन वेळा थंडी वाजून ताप आला होता. प्रत्येक वेळी उजव्या जांघेत गाठ आली, पायावर लाल पट्टा उमटला आणि चार-पाच दिवसांनी सगळे आपोआप उतरले. या खेपेला मात्र ताप गेला तरी घोट्याची सूज गेली नाही. "चप्पल घट्ट होते," एवढेच ती म्हणाली. आईला जे विचारायचे होते ते तिने मुलीला बाहेर बसवून विचारले. ते काय होते हे आपल्या भागातील वाचकांना सांगायला नको. हत्तीपायाचे नाव निघाले की लग्नाची बोलणी कशी थांबतात हे पूर्व विदर्भात सर्वांना ठाऊक आहे.

हत्तीरोगाची तपासणी रात्री करतात, कारण या रोगाच्या सूक्ष्म जंतांची पिल्ले दिवसा शरीरात खोलवर दडून राहतात आणि रात्री दहानंतर वरच्या रक्तात येतात. मी घरातील सर्वांचेच रक्त रात्री तपासून घ्यायला सांगितले. मुलीच्या रक्तात काही सापडले नाही. यात नवल नव्हते. पाय सुजू लागलेल्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात पिल्ले दिसत नाहीत. सापडली ती वडिलांच्या रक्तात. त्यांना आयुष्यात कधी ना ताप आला होता, ना सूज. रोज सायकलने पाच मैल जाऊन-येऊन काम करणारा धडधाकट माणूस!

अहवाल ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्यापासून लागला का पोरीले?"

त्यांना मी जे सांगितले तेच आज वाचकांना सांगतो. हत्तीरोग माणसाकडून माणसाला थेट लागत नाही. मध्ये डास लागतो. आणि तो कुठला डास, कुणाच्या घरचा, कोणत्या वर्षीचा, हे सांगणे अशक्य असते. एक-दोन दंशांनी हा रोग होत नाही, महिनोन्महिने पुष्कळ दंश व्हावे लागतात. जंत शरीरात वाढून पायावर सूज दिसेपर्यंत वर्षे निघून जातात. मुलीच्या पायाचा हिशेब तिच्या लहानपणीच्या डासांपाशी जातो. आज घरात जे डास फिरत आहेत ते वडिलांच्या रक्तातील पिल्ले उचलून कुणाला देतील, हा प्रश्न मात्र आजचा होता. घरात सातवीतला धाकटा भाऊ होता.

"फवारणी करून घेतो," ते म्हणाले. मी विचारले, "तुमच्या संडासाच्या पाइपाला जाळी आहे का?" ते उठता उठता म्हणाले, "तुमच्या पाइपाले तरी कुठं हाय, डॉक्टरसाहेब? रस्त्यावरून दिसते ना."

मी संध्याकाळी गच्चीवर जाऊन पाहिले. खरेच नव्हती. एका काळी होती, तिची गंजलेली चौकट तेवढी पाइपाला चिकटून राहिली होती.

आता मुद्द्याकडे वळू. आपल्या गावांच्या नव्या वस्त्यांत, लेआऊटमध्ये, भूमिगत गटार क्वचितच असते. प्रत्येक घराला स्वतःची संडासाची टाकी, म्हणजे सेप्टिक टँक असतो. मैला तळाशी बसतो, कुजतो आणि त्यातून वायू तयार होतात. हे वायू बाहेर जाण्यासाठी टाकीतून एक उभा पाइप भिंतीच्या कडेने गच्चीच्या वर नेलेला असतो. कुणी त्याला गॅस पाइप म्हणतात, कुणी व्हेंट पाइप. वायू जाऊ शकतो त्या वाटेने डासही ये-जा करू शकतो, हे बांधणाऱ्या मिस्त्रीच्या आणि राहणाऱ्या मालकाच्या ध्यानात येत नाही.

हत्तीरोग पसरवणारा डास क्युलेक्स जातीचा. मलेरियाचा ॲनॉफिलीस आणि डेंग्यूचा एडिस हे बहुधा स्वच्छ पाणी पसंत करतात. क्युलेक्सला घाण पाणी हवे असते आणि संडासाच्या टाकीइतकी चांगली जागा त्याला कुठे मिळणार? आत अंधार असतो, ऊब असते, वारा नाही, पाणी कधी आटत नाही, अळ्यांना खायला भरपूर आणि त्यांना खाणारे कुणी नाही. पाइपाच्या तोंडातून येणारा वास मादीला बरोबर पत्ता देतो. ती आत उतरते आणि पाण्यावर शे-दोनशे अंडी एकमेकांना चिकटवून एक छोटा तराफा सोडते. आपल्याकडच्या उन्हाळ्या-पावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याची अळी, अळीचा कोष आणि कोषाचा डास होतो. नवा डास टाकीत थांबत नाही. त्याला बाहेर पडायचे असते. संडासाच्या भांड्यातून तो येऊ शकत नाही, कारण तिथे वाकड्या नळीत पाणी अडलेले असते. म्हणून तो पाइपाने वर येतो आणि संध्याकाळी शेजारच्या खिडकीत शिरतो. नालीवर औषध मारून डास का कमी होत नाहीत, असा प्रश्न अनेक वाचक विचारतात. त्यांनी एकदा मान वर करून आपल्या ओळीतील पाइप मोजावेत.

हे नुसते पुस्तकातले ज्ञान आहे असे वाटू नये म्हणून मी एक प्रयोग केला. जुन्या मच्छरदाणीच्या तीन पिशव्या शिवून घेतल्या (शिवल्या सौ.नी, "आता डासांना झबली घाला" असे म्हणत). एक माझ्या पाइपाला, एक त्या गृहस्थांच्या पाइपाला आणि एक शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांच्या पाइपाला संध्याकाळी सैल बांधली. सकाळी सूर्य उगवण्यापूर्वी जाऊन पाहिले. मुख्याध्यापकांच्या पिशवीत सात-आठ डास होते. त्यांची टाकी नुकतीच उपसली होती. त्या गृहस्थांच्या पिशवीत बरेच होते. माझी पिशवी आतून काळी झाली होती. मोजायला बसलो आणि थोड्या वेळाने सोडून दिले. हे सगळे डास एका रात्रीत माझ्या टाकीतून निघून माझ्याच आळीत पसरणार होते. मी मात्र तीस वर्षे लोकांना डासांवर व्याख्याने देत आलो होतो.

ज्यांना शंका असेल त्यांनी हा प्रयोग जरूर करावा. खर्च काही नाही.

जाळी लावून डास अडवण्याची कल्पना नवी नाही. तिच्यामागचा इतिहास रंजक आहे, म्हणून थोडा सांगतो. डास आणि रोग यांचा संबंध सर्वांत आधी हत्तीरोगातच सापडला. १८७७ साली चीनमधील अमॉय बंदरात पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने रुग्णाला चावलेल्या डासांच्या पोटात या जंताची पिल्ले वाढताना पाहिली. मलेरियाचा जंतू डासाच्या पोटात रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत दिसला तो त्यानंतर वीस वर्षांनी, १८९७ मध्ये. मॅन्सनची मात्र एक चूक झाली. डास पाण्यात मरतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असे त्याला वाटले. ही चूक १९०० मध्ये जॉर्ज लो या तरुण डॉक्टरने दुरुस्त केली. डासाच्या सोंडेतच त्याला जंत सापडले, म्हणजे रोग दंशातून जातो हे कळले. हाच लो त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात लुई सॅम्बन या सहकाऱ्याबरोबर इटलीत रोमजवळच्या ऑस्टियाच्या दलदलीत जाऊन राहिला. तो भाग मलेरियाने बदनाम होता. त्यांनी लाकडी झोपडी उभारली, तिच्या दारा-खिडक्यांना तारेची बारीक जाळी लावली, आणि सूर्य मावळला की ते आत जात ते उजाडल्यावरच बाहेर येत. क्विनाइन घ्यायचे नाही असे ठरवले होते. जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत ते तिथे राहिले. आजूबाजूचे लोक तापाने फणफणत असताना झोपडीतील एकालाही मलेरिया झाला नाही. औषधाचा एक थेंब न वापरता केवळ जाळीने हे साधले होते.

आपल्याकडेही मुंबईत बेंटली या डॉक्टरांनी १९११ मध्ये शहरातील मलेरियाचा अहवाल लिहिला. घराघरांतील उघड्या विहिरींत डास वाढतात असे त्यांनी दाखवले, आणि पुढे नगरपालिकेने विहिरी डासबंद करण्याचा आग्रह धरला. लोकांनी कुरकुर पुष्कळ केली. विहीर झाकायची म्हणजे काय, असा तो प्रश्न होता. आज संडासाच्या पाइपाला जाळी बांधा म्हटले की लोक हसतात, तेव्हा मला त्या विहिरी आठवतात.

संडासाच्या पाइपावरच्या जाळीचा सर्वांत चांगला अभ्यास आफ्रिकेत झाला. आजच्या झिंबाब्वेमध्ये, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, १९७० च्या दशकात पीटर मॉर्गन या शास्त्रज्ञाने साध्या खड्ड्याच्या संडासाला उंच पाइप जोडला आणि त्याच्या तोंडाला जाळी लावली. शेजारी तसाच, पण पाइप नसलेला संडास ठेवला. ७८ दिवसांत बिनपाइपाच्या संडासातून १३,९५३ माश्या बाहेर आल्या. पाइपाच्या संडासातून आल्या १४६. पाइपामुळे वास वर निघून जातो, माश्या वासाच्या मागे पाइपाच्या टोकाशी येतात आणि जाळीने अडतात. आत जन्मलेल्या माश्या उजेड दिसतो म्हणून पाइपात चढतात, जाळीखाली अडकून मरतात.

इथे एक बारकावा आहे. डास माशीसारखा उजेडाच्या मागे हमखास जात नाही. त्यामुळे भांड्यात पाणी न अडणाऱ्या, उघड्या भोकाच्या खड्ड्यांत पाइपाची जाळी डासांना पुरी पडली नाही. झांझिबार बेटावरील मकुंडुची गावात १९८८ मध्ये म्हणून वेगळा मार्ग काढला. ओल्या खड्ड्यांत थर्माकोलचे बारीक मणी ओतले. ते पाण्यावर तरंगून थर धरतात आणि अळ्यांना श्वास घेऊ देत नाहीत. सोबत गावाला हत्तीरोगाच्या गोळ्या दिल्या. रोगाचे प्रमाण झपाट्याने उतरले आणि मण्यांमुळे ते उतरलेलेच राहिले. आपल्या घरच्या टाकीची गोष्ट त्याहून सोपी आहे. आपल्या भांड्यात पाणी अडते, त्यामुळे तो दरवाजा आधीच बंद असतो. उरतात पाइप आणि टाकीच्या फटी.

आता जाळी कशी लावायची ते सांगतो. यात चुका फार होतात आणि चुकीची जाळी लावून माणूस निर्धास्त होतो.

जाळीची भोके दीड मिलिमीटरपेक्षा मोठी नसावीत. मिलिमीटर कुणाच्या घरी मोजता येतो? म्हणून स्वयंपाकघरातील माप सांगतो. जाळीवर खसखस आणि मोठी मोहरी टाकावी. खसखस खाली पडावी आणि मोहरी वर राहावी. कोंबड्यांच्या खुराड्याची किंवा गाळणीच्या चौकोनी भोकांची जाळी घेऊ नये. पाइपावर प्लॅस्टिकची टोपी असते, तिला बाजूने खाचा असतात. ती टोपी पाऊस आणि पक्षी अडवते. डास त्या खाचांतून सहज जातात. "आमच्या पाइपाला टोपी आहे" असे म्हणणाऱ्याने आपली टोपी जवळून पाहावी.

साधी लोखंडी जाळी लावू नये. माझी जाळी गेली ती यामुळेच. टाकीतून निघणाऱ्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्याचा वास येतो तो याचाच. तो लोखंड खातो, आणि वरून पाऊस असतोच. नायलॉनची जाळी स्वस्त, हार्डवेअरच्या दुकानात फुटावर मिळते, पण उन्हाने वर्ष-दोन वर्षांत कुरकुरीत होऊन फाटते. खिडक्यांना लावतात ती प्लॅस्टिकचा लेप असलेली फायबरची जाळी अधिक टिकते, आणि न गंजणाऱ्या स्टीलची त्याहूनही जास्त. ज्याला जे परवडेल ते त्याने घ्यावे. जुन्या मच्छरदाणीचा तुकडाही चालतो, फक्त तो वर्षातून दोनदा बदलावा लागेल.

तुकडा चांगला फूटभर लांब-रुंद कापावा. पाइपाच्या तोंडावर तो ढोलकीच्या कातड्यासारखा ताणून बसवू नये. बाळाच्या टोपड्यासारखा सैल, फुगीर राहू द्यावा. बारीक जाळीने हवा थोडी अडतेच. जाळीचा पसारा तोंडापेक्षा मोठा असला की वायूला वाट पुरेशी राहते. तोंडाखाली चार बोटे अंतरावर तो बांधावा. सुतळी पावसाने कुजते, तार जाळी कापते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून दोन-तीन वेढे घट्ट दिले की पाइपाला ती चिकटून बसते आणि डासाला फट उरत नाही. टोपी असेल तर ती काढून जाळी लावावी आणि मग टोपी वर बसवावी. टोपी निघत नसेल तर टोपीसकट पिशवी चढवावी. आमच्याकडे माकडांचा उपद्रव आहे. माझी पहिली पिशवी त्यांनी आठवड्याच्या आत ओढून नेली. तेव्हापासून टोपी वर आणि जाळी खाली अशीच ठेवतो.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. पाइपाचे तोंड कधीही पूर्ण बंद करू नका. प्लॅस्टिकची पिशवी बांधणे, बाटली उलटी घालणे, चिंध्यांचा बोळा कोंबणे हे प्रकार मी पाहिले आहेत. वायूला वाट मिळाली नाही तर तो भांड्यातील पाणी ढकलून घरात येतो, किंवा टाकीत साठत राहतो. त्यात मिथेनही असतो, तो पेट घेतो. पाइपाच्या तोंडाशी काम करताना विडी, काडी, मेणबत्ती काहीही नको. वाकून आत पाहू नये. आणि टाकीचे झाकण उघडून आत कुणालाही उतरू देऊ नये, कितीही माहीतगार माणूस असला तरी. आतला वायू एका श्वासात माणसाला बेशुद्ध करतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच राहतो. अशा बातम्या आपण याच वृत्तपत्रात वाचतो. २०१३ च्या कायद्याने टाकीत माणूस उतरवून धोक्याची सफाई करून घेण्याला बंदी आहे. टाकी यंत्रानेच उपसावी.

फिनेल किंवा ॲसिड टाकीत ओतून डास मारू नयेत. मैला कुजवणारे जिवाणू त्यात मरतात आणि टाकी लवकर भरते. गप्पी मासे विहिरी आणि हौदांसाठी आहेत, संडासाची टाकी त्यांची जागा नव्हे. धुरळणीच्या गाडीविषयी लोकांना फार श्रद्धा असते. धूर हवेत उडणाऱ्या डासाला तेवढ्यापुरता मारतो, टाकीतल्या अळीला तो कळतही नाही. दुसऱ्या दिवशी नवी तुकडी पाइपातून हजर. साथ आली असताना धुरळणी ठीक. एरवी मला विचाराल तर त्या गाडीमागे पळणाऱ्या पोरांना आधी घरात घ्या.

पाइपाला जाळी लागली म्हणजे काम संपले असे नाही. टाकीवरच्या फरशीला तडा गेला असेल, झाकणाच्या कडेला बोट जाईल एवढी फट असेल, तर डास तिथून ये-जा करतील. सिमेंटने फटी बुजवाव्यात. झाकणाच्या कडा ओल्या चिकणमातीने लिंपल्या तरी काम भागते. टाकीचे जास्तीचे पाणी बाहेर नेणारा नळ उघड्या नालीत सोडलेला असेल तर तोही एक दरवाजाच. त्याला बारीक जाळी लावली तर ती गाळाने तुंबते. ते पाणी झाकलेल्या शोषखड्ड्यात सोडणे हाच उपाय. यात खर्च आहे, मान्य. पण नालीचा वास आणि शेजाऱ्याशी भांडण दोन्ही वाचतात.

एका वाचकाने पत्राने विचारले आहे की त्यांच्या गावी दोन खड्ड्यांचे संडास बांधले आहेत, त्यांना पाइपच नाही, तर ही चूक आहे का? चूक नाही. दोन शोषखड्ड्यांच्या संडासात वायू आजूबाजूच्या मातीत जिरतो, तिथे पाइपाची गरज नसते. काही ठिकाणी मिस्त्री हौसेने तिथेही पाइप ठोकतात. तो लावलाच असेल तर त्यालाही जाळी हवी.

घर बांधणाऱ्यांसाठी एक माहिती. सेप्टिक टँकसाठी भारतीय मानक आहे, आय.एस. २४७०. त्याच्या १९८५ च्या आवृत्तीत स्पष्ट लिहिले आहे की पाइप किमान ५० मिलिमीटर व्यासाचा असावा आणि त्याच्या टोकाला डास अडवणाऱ्या तारेच्या जाळीचा पिंजरा असावा. टाकी घरापासून १५ मीटरच्या आत असेल तर पाइप घराच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच न्यावा. म्हणजे जाळी ही आरोग्य खात्याने नंतर काढलेली टूम नाही, तो बांधकामाचाच भाग आहे. मिस्त्रीला शेवटचा हप्ता देण्यापूर्वी गच्चीवर जाऊन पाइपाचे टोक पाहा. मी पाहिले नव्हते.

जाता जाता डेंग्यूविषयी. एडिस स्वच्छ पाण्याचा डास म्हणून प्रसिद्ध असला तरी त्याच्यावर फार विसंबू नये. पोर्टो रिको बेटावर घरांच्या सेप्टिक टँकमधून एडिस मोठ्या संख्येने निघत असल्याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या गच्चीवरच्या पिण्याच्या टाकीलाही हवेची एक नळी आणि जास्तीचे पाणी जाण्याची एक नळी असते. शिडी लावलीच आहे तर त्या दोन्ही तोंडांनाही जाळीचा तुकडा बांधून खाली उतरा.

जाळी रोग बरा करत नाही, हेही स्पष्ट सांगतो. त्या मुलीच्या वडिलांना बारा दिवसांच्या गोळ्या दिल्या, त्या त्यांनी नेमाने घेतल्या. शासनातर्फे हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघर येऊन देतात, त्या कर्मचाऱ्यासमोर गिळायच्या असतात, खिशात घालायच्या नसतात. २०१८-१९ मध्ये देशातील ज्या पाच जिल्ह्यांत तीन औषधे एकत्र देण्याची सुरुवात झाली त्यांत आपला नागपूर जिल्हा होता. गर्भवती स्त्रिया, दोन वर्षांखालील मुले आणि गंभीर आजारी माणसे यांना या गोळ्या देत नाहीत. काही औषधे त्याहून थोड्या मोठ्या मुलांनाही वर्ज्य असतात, ते कर्मचारी सांगतात. गोळी घेतल्यावर थोडा ताप किंवा मळमळ झाली तर घाबरू नये. रक्तातील जंत मरताना असे होते.

मुलीला मी पायाची निगा शिकवली. रोज रात्री साबण-पाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे, चिखल्या झाल्या की लगेच मलम लावणे, बसताना पाय उंचावर ठेवणे आणि सांगितलेले व्यायाम करणे. तापाचे झटके येतात ते बहुधा पायाच्या बारीक जखमांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे, आणि प्रत्येक झटका सूज वाढवून जातो. त्यानंतर वर्षभरात तिला एकच झटका आला, तोही सौम्य. सूज पूर्ण गेली नाही. जाईल असे वचन मी दिलेले नाही. चप्पल मात्र तिला आता बसते. परीक्षा दिली आहे. लग्नाचे विचाराल तर मला माहीत नाही, आणि ते विचारणे माझे कामही नाही.

तिच्या वडिलांनी मात्र एक काम केले. दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत एका रविवारी ते मच्छरदाणीच्या तुकड्यांचे बोचके, सायकलची ट्यूब आणि शिडी घेऊन आळीत निघाले. माझा पाइप त्यांनी पहिला बांधला. खाली उभा राहून धाकटा मुलगा रबराच्या पट्ट्या कापून देत होता. सव्वीस घरांपैकी एकोणीस झाली. चार घरे बंद होती. दोघांनी "आमच्याकडे डास नाहीत" म्हणून सांगितले. एका घरी शिडी पोचेना, तिथे मुख्याध्यापकांनी लांब बांबू आणून देण्याचे कबूल केले आहे. होळीच्या आधी ते काम व्हायला हवे, कारण उन्हाळा लागला की टाकीतली पैदास वाढते.

पुढील आठवड्यात कूलरच्या टाकीतील पाण्याविषयी लिहीन.